फोनवर नकाशा आहे, तरी वाट चुकतेच: नेमकं बिघडतं कुठे?

तक्रार नेहमीचीच आहे. नव्या शहरात भुयारी स्टेशनातून वर आलात, नकाशा उघडला, निळा ठिपका दिसला, त्याच्या पुढचा निळा झोत ज्या बाजूला होता तिकडे चालायला लागलात. पाच-सात मिनिटांनी लक्षात येतं की अंतर कमी होण्याऐवजी वाढतंय. मग फोन बंद करून चालू करायचा, अ‍ॅप काढून पुन्हा टाकायचं, नेटवर्कच्या नावाने बोटं मोडायची. पुढच्या प्रवासात पुन्हा हेच.

रीस्टार्टने हे का सुटत नाही? कारण ‘नकाशा चुकला’ या एका तक्रारीत तीन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. फोन एकाच स्क्रीनवर तीन प्रश्नांची उत्तरं देत असतो: तुम्ही कुठे आहात, तुमचं तोंड कुठे आहे, आणि जायचंय ते ठिकाण कुठे आहे. पहिलं उत्तर उपग्रह, वायफाय आणि मोबाइल टॉवर यांच्याकडून येतं. दुसरं फोनमधल्या चुंबकीय सेन्सरकडून. तिसरं कोणीतरी कधीतरी नकाशात भरून ठेवलेल्या माहितीतून. यातलं एक साफ खोटं असताना बाकीची दोन अगदी खरी असू शकतात, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

म्हणून एक पाऊलही टाकण्याआधी उभ्या जागी तपासणी करा. ठिपक्याच्या अगदी शेजारी नकाशावर एखादं नाव दिसत असेल, दुकानाचं, बँकेचं, चौकाचं. मान वर करा. ते समोर आहे का? असेल तर ठिपका बरोबर आहे. मग बघा, नकाशात ते तुमच्या उजव्या हाताला दाखवलंय आणि प्रत्यक्षातही उजव्याच हाताला आहे का? नसेल तर दिशा चुकली आहे. दोन्ही जुळलं आणि तरी तुम्ही भलतीकडे पोचत असाल, तर घोळ पिनमध्ये, म्हणजे जायच्या ठिकाणाच्या नकाशावरच्या खुणेत आहे.

दिशा उलटी दाखवतो

सगळ्यात जास्त पायपीट याच बिघाडामुळे होते, आणि संशय मात्र सगळ्यात कमी याच्यावर जातो. ठिपका बरोबर दिसत असल्याने सगळंच बरोबर आहे असं वाटतं.

तुम्ही स्थिर उभे असताना तुमचं तोंड कुठे आहे हे उपग्रहांना कळत नाही. त्यांच्यावरून फक्त जागा कळते. दिशा सांगतो तो फोनमधला होकायंत्राचा सेन्सर. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मुळात फार क्षीण, साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. फोनच्या कव्हरमधलं झाकण चिकटवणारं छोटं चुंबक त्याच्यावर सहज मात करतं. गाडीतला चुंबकी होल्डर, त्यासाठी फोनच्या पाठीला चिकटवलेली चकती, सरकत्या जिन्याची यंत्रणा, काँक्रीटमधल्या सळ्या, हे सगळे त्याच पंथातले. स्टेशनच्या तोंडाशी यातलं बरंच काही एकत्र असतं, म्हणून बिघाड नेमका तिथेच दिसतो.

इलाज साधा आहे. स्टेशनच्या दारापासून, कठड्यापासून, उभ्या गाड्यांपासून थोडं लांब व्हा. चुंबकवालं कव्हर काढा. मग फोन हातात धरून मनगट फिरवत हवेत इंग्रजी आठचा आकडा दोन-तीनदा काढा. लोक बघतील, बघू द्या. गूगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं की कॅलिब्रेट करण्याचा, म्हणजे होकायंत्र पुन्हा जुळवून घेण्याचा पर्याय येतो. आयफोनवर लोकेशन सर्व्हिसेसच्या आत सिस्टिम सर्व्हिसेसमध्ये ‘कंपास कॅलिब्रेशन’ नावाचं बटण आहे, ते चालू आहे ना ते एकदा पाहून ठेवा. ठिपक्यातून निघणारा निळा झोत पसरट असेल तर फोन स्वतःच सांगतोय की मला खात्री नाही. तो अरुंद झाला की विश्वास ठेवायला हरकत नाही. अर्थात शेजारी चुंबक असेल तर फोन चुकीची दिशाही आत्मविश्वासाने दाखवतो, त्यामुळे कव्हर आधी काढायचं.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे सेन्सरला बाजूला ठेवणं. कोणत्याही एका दिशेने सरळ वीस-तीस पावलं चाला आणि ठिपका कुठे सरकला ते बघा. तुम्ही चालू लागलात की तुमची दिशा ठिपक्याच्या हालचालीवरून कळते आणि तिला चुंबकाशी काही देणंघेणं नसतं. चुकीच्या बाजूला गेलात तरी नुकसान वीस पावलांचं.

नकाशा फिरतो कसा याकडेही लक्ष द्या. काहींना उत्तर कायम वर असलेला नकाशा समजतो, काहींना आपण वळलो की वळणारा. दोन्ही ठीक आहेत, पण कोणता चालू आहे हे माहीत नसणं ठीक नाही. होकायंत्राच्या छोट्या खुणेवर बोट ठेवलं की नकाशा पुन्हा उत्तरेला सरळ होतो. रस्त्याकडेच्या ‘तुम्ही इथे आहात’ फलकांचंही तेच. लंडनमधल्या ‘लेजिबल लंडन’ फलकांवरचे नकाशे वाचणाऱ्याच्या समोर जे आहे ते वरच्या बाजूला ठेवून छापलेले असतात, उत्तर वर ठेवून नव्हे. फोनवरचा उत्तर-वर नकाशा आणि असा फलक एकमेकांशी ताडून पाहायला गेलात तर गोंधळ ठरलेला.

फोनचा अजिबात भरवसा वाटत नसेल तर सूर्याला विचारा, पण त्याची अट लक्षात ठेवून. कर्कवृत्ताच्या उत्तरेला भर दुपारी सावली उत्तरेकडे पडते, मकरवृत्ताच्या दक्षिणेला ती दक्षिणेकडे पडते. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात ते ऋतूवर अवलंबून असतं, त्यामुळे तिथे दुपारच्या सावलीच्या नादी लागू नका. ढगाळ दिवशी छपरांवरच्या टीव्हीच्या थाळ्या बघा. ज्या उपग्रहांकडे त्यांचं तोंड असतं ते विषुववृत्ताच्या वर असतात, म्हणून उत्तर गोलार्धात थाळ्या साधारण दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे वळलेल्या असतात. एकीवर जाऊ नका, चार-पाच थाळ्या एकाच बाजूला बघत असतील तर ती दिशा धरा.

ठिपकाच चुकीच्या जागी

इथे आधी ठिपक्याभोवतीचा फिका निळा गोल बघायचा. तो गोल म्हणजे फोनची कबुली: ‘मी या वर्तुळात कुठेतरी आहे.’ गोल मोठा असेल तर ठिपका चुकलेला नाही, त्याला अजून नीट कळलेलं नाही. लोक हे वर्तुळ न पाहता ठिपक्याच्या मध्यबिंदूवर भांडतात.

विमानातून उतरल्यावर पहिली काही मिनिटं ठिपका हरवलेला असतो, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. जागा काढायला फोनला किमान चार उपग्रह ‘ऐकू’ यावे लागतात, आणि प्रत्येक उपग्रह या क्षणी कुठे आहे हेही माहीत असावं लागतं. ही माहिती उपग्रह स्वतःच प्रसारित करतो, पण अतिशय संथपणे. एका उपग्रहाचा स्वतःच्या जागेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. मध्येच तुम्ही छताखाली गेलात आणि संदेश तुटला, की पुढच्या फेरीची वाट पाहायची. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला तर साडेबारा मिनिटं लागतात. एरवी हे जाणवत नाही, कारण फोन तीच माहिती इंटरनेटवरून काही सेकंदांत उचलतो. परदेशात उतरल्यावर सिम चालू नसतं, डेटा नसतो, आणि वर तुम्ही काचेच्या छताखाली चालत असता. मग फोनला सगळं आकाशातूनच ऐकावं लागतं.

तेव्हा डेटा नसेल तर उघड्या आकाशाखाली या आणि एक-दोन मिनिटं थांबा. खिशात नाही, हातात धरून. विमानतळाचं वायफाय मिळत असेल तर इमारतीत असतानाच नकाशा एकदा उघडा, म्हणजे उपग्रहांची माहिती आधीच उतरून येईल. फ्लाइट मोड चालू असल्याने लोकेशन बंद पडतं हा समजही सोडा. जीपीएस फक्त ऐकतं, काही पाठवत नाही, आणि बहुतेक आधुनिक फोनमध्ये ते फ्लाइट मोडमध्येही चालू राहतं.

उंच इमारतींच्या मधल्या अरुंद रस्त्यावर ठिपका पलीकडच्या फुटपाथवर, कधी शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. उपग्रहाचा संकेत सरळ येण्याऐवजी काचेच्या भिंतीवर आपटून येतो, तो जास्त अंतर कापून आलेला असतो, आणि फोन ते अंतर खरं मानतो. भिंतीला चिकटून उभं राहिलात तर हे वाढतं. जवळच्या चौकात किंवा मोकळ्या जागेत जा. उपग्रहांच्या दोन फ्रीक्वेन्सी ऐकणारे फोन २०१८ पासून बाजारात आहेत, ते अशा जागी बरे वागतात. गूगल मॅप्सचा कॅमेऱ्याने समोरच्या इमारती ओळखून दिशा दाखवणारा प्रकार अशा जागी खरंच कामाला येतो, फक्त स्ट्रीट व्ह्यूची (गूगलने रस्त्यावरून काढलेली) छायाचित्रं असलेल्या भागातच तो चालतो आणि बॅटरी झपाट्याने खातो.

ठिपका गल्ली नव्हे, शहरच बदलत असेल तर उपग्रहांना दोष देऊ नका. आसपासच्या वायफाय राउटरवरूनही फोन जागा ठरवतो. एखादा राउटर दुसऱ्या गावाहून उचलून इथे आणलेला असेल, किंवा बसमध्ये, रेल्वेत, जहाजावर बसवलेला असेल, तर फोन त्याची जुनी जागा खरी धरतो. वायफाय थोडा वेळ बंद करा, वायफाय स्कॅनिंगही बंद करा, आणि उघड्यावर उभे राहा.

आणखी एक कारण फार वेळा निसटतं. ठिपका नेहमीच दोन-चार किलोमीटरचं वर्तुळ घेऊन बसत असेल तर त्या अ‍ॅपला दिलेली परवानगी तपासा. आयफोनवर आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर आवृत्ती १२ पासून अ‍ॅपला ‘ढोबळ’ लोकेशन देता येतं. अ‍ॅप टाकताना घाईत ते निवडलं गेलं असेल, तर तुम्ही आठचे आकडे काढून थकाल, काही फरक पडणार नाही. सेटिंगमध्ये जाऊन ‘प्रिसाइज’ (अचूक) चालू केलं की काम झालं. बॅटरी सेव्हरही बघा, स्क्रीन बंद झाली की काही फोन लोकेशनच थांबवतात.

मग काही ठिकाणी ठिपका आणि नकाशा दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, पण एकमेकांशी जुळत नाहीत. चीनमध्ये नकाशांसाठी जीसीजे-०२ ही वेगळी अक्षांश-रेखांश पद्धत सक्तीची आहे, आणि ती जगभरच्या डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीपेक्षा मुद्दाम काहीशे मीटर सरकवलेली आहे. त्यामुळे बाहेरच्या अ‍ॅपमध्ये तुम्ही नदीत उभे दिसू शकता. तिथे कॅलिब्रेशनचा उपयोग शून्य. गाओदे किंवा बायडू अशी तिथलीच अ‍ॅप वापरायची. याचं निरुपद्रवी रूप बघायचं असेल तर ग्रीनिचच्या वेधशाळेत जा. जमिनीवर धातूच्या पट्टीने दाखवलेल्या मूळ रेखावृत्तावर पाय ठेवला तर फोन शून्य रेखांश दाखवत नाही. उपग्रहांचं शून्य तिथून १०२ मीटर पूर्वेला, बागेत आहे.

ठिपका बरोबर, दिशा बरोबर, पिनच चुकीची

इथे फोनची काही चूक नसते, म्हणून फोनशी झटापट करून काही हाती लागत नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं होतं. अ‍ॅपलच्या नव्या नकाशावर मिल्ड्युरा हे शहर खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटर लांब, मरे-सनसेट राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध दाखवलेलं होतं. लोक गाड्या घेऊन तिथे पोचत होते, पाणी नाही, उन्हाळ्यात पारा ४६ अंशांपर्यंत जाऊ शकेल असा तो भाग. नंतर कळलं ते असं की स्थळनामांच्या सरकारी यादीत मिल्ड्युरा दोनदा होतं, एकदा शहर म्हणून आणि एकदा मोठा प्रशासकीय विभाग म्हणून. विभागाची पिन अर्थातच विभागाच्या मध्यावर होती.

तुमची अडचण एवढी मोठी नसेल, पण जात तीच. विद्यापीठ, रुग्णालय, उद्यान, विमानतळ, मोठी वसाहत यांची पिन बहुतेक वेळा जागेच्या मध्यावर असते आणि दार कुठल्यातरी टोकाला. नकाशा तुम्हाला मध्यबिंदूच्या सर्वांत जवळच्या रस्त्यावर आणून सोडतो, जिथे समोर फक्त कुंपण असतं. म्हणून मोठ्या जागेचं नुसतं नाव शोधू नका, गेटचं नाव किंवा क्रमांक शोधा. ते सापडत नसेल तर उपग्रह चित्र उघडून गाड्या आत शिरतात ती जागा डोळ्यांनी शोधा आणि तिथे स्वतः पिन टोचा. भुयारी स्टेशनसाठी बाहेर पडायच्या दाराचा क्रमांक आधीच लिहून घ्या. चुकीच्या दारातून वर आलात तर मध्ये आठ पदरी रस्ता असू शकतो.

एकाच नावाच्या दोन रस्त्यांचा, दोन हॉटेलांचा घोळ पत्त्यातल्या पिनकोडवरून सुटतो. दोन पत्ते अक्षर न् अक्षर सारखे असले तरी कोड सहसा वेगळा असतो.

कोणी अक्षांश-रेखांश पाठवले असतील तर ते कसे लिहिलेत ते बघा. ४०.३० अंश आणि ४० अंश ३० मिनिटं या दोन वेगळ्या जागा आहेत. अंशाची ६० मिनिटं असतात, म्हणजे दुसरी जागा ४०.५० वर येते, आणि दोन्हींमध्ये सुमारे २२ किलोमीटरचं अंतर पडतं. पिन समुद्रात किंवा दुसऱ्याच खंडात पडली असेल तर दोन आकड्यांची अदलाबदल झाली आहे. अक्षांश कधीच ९० च्या वर जात नाही, एवढ्यावरूनही बऱ्याचदा चोर सापडतो. दशांश चिन्हापुढे तीनच आकडे असतील तर शंभरेक मीटरची ढिलाई गृहीत धरा, पाच आकडे असतील तर ती मीटरभरावर येते. प्लस कोड, म्हणजे जागेसाठी अक्षरं-आकड्यांचा छोटा संकेत, हा याला सोपा पर्याय. पूर्ण कोड साधारण १४ मीटर बाय १४ मीटरचा चौकोन दाखवतो. छोटा कोड मात्र गावाच्या नावासकटच द्यायचा आणि घ्यायचा. नाव गळलं तर तोच कोड दुसऱ्या भागात भलतीच जागा दाखवतो.

रस्ता सुचवतो तो विचित्र

आधी प्रवासाचा प्रकार बघा. पायी जाणाऱ्याला गाडीचा रस्ता दिला की एकदिशा मार्गांमुळे उगाच वळसा पडतो, आणि गाडीवाल्याला पायवाट दिली की पुढे पायऱ्या येतात. उड्डाणपुलाजवळ फोन हमखास फसतो, कारण उंचीचा अंदाज त्याला सगळ्यात वाईट येतो. तुम्ही पुलावर आहात की खालच्या रस्त्यावर हे त्याला पुढच्या वळणापर्यंत कळत नाही. अशा जागी आवाजी सूचनेची वाट पाहू नका, पुढची दोन-तीन वळणं यादीत आधीच वाचून ठेवा. आणि फाटा हुकलाच तर हुकू द्या. मागे घेण्यापेक्षा पुढे जा, नवा मार्ग तो काढून देतो.

नेटवर्क नसताना

गूगल मॅप्समध्ये भाग डाउनलोड केला म्हणजे सगळं झालं, हा गैरसमज पायी फिरणाऱ्यांना नडतो. ऑफलाइन असताना ते गाडीचाच मार्ग देतं. पायी जाण्याचा, सायकलचा किंवा बस-रेल्वेचा मार्ग मिळत नाही. पायी फिरायचं असेल तर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या नकाशावर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड आधी टाकून तो प्रदेश उतरवून घ्या. पायवाटा, जिने, पाण्याचे नळ यांची नोंद त्यात बऱ्याच ठिकाणी अधिक बारीक असते. गूगल मॅप्समध्ये डाउनलोड केलेल्या नकाशांना मुदत असते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फ्लाइट मोड लावून घरीच एकदा मार्ग काढून बघा. मुक्कामाचं नाव आणि पत्ता तिथल्या लिपीत, इमारतीच्या फोटोसकट, गॅलरीत ठेवा. टॅक्सीवाल्याला रोमन अक्षरं वाचता येतीलच असं नाही.

माणसांना विचारताना

‘हा रस्ता तिकडेच जातो ना?’ असं विचारलंत की ऐकणारा भिडेखातर हो म्हणतो. ‘तिकडे कसं जायचं?’ असं विचारा, म्हणजे ज्याला माहीत नाही तो अडखळतो आणि तुम्हाला ते दिसतं. सगळा रस्ता विचारू नका, दोन वळणांपलीकडचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्याऐवजी शेवटी एक प्रश्न जोडा: पुढे निघून गेलो तर काय दिसेल? ‘पूल लागला तर समजा पुढे आलात’ असं कोणी सांगितलं, तर ते निम्म्या सूचनांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. परत त्याच वाटेने यायचं असेल तर प्रत्येक वळणावर एकदा मागे वळून बघा. येताना दिसणारा चौक जाताना दिसलेल्या चौकासारखा नसतो.

कोणी तुम्हाला घ्यायला येणार असेल तर लोकेशन पाठवण्याची घाई करू नका. पाठवलेली पिन त्या क्षणी फोनला वाटलेली जागा असते. फिका गोल मोठा असताना बटण दाबलंत तर समोरचा माणूस मागच्या गल्लीत जाऊन तुम्हाला फोन लावत बसेल. उघड्यावर या, गोल आकसू द्या, मग पाठवा, आणि खाली एक ओळ लिहा: रस्त्याच्या कोणत्या बाजूला, कोणत्या पाटीखाली.